तीन ओळींमागची प्रयोगशाळा

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या बाईच्या फाईलमध्ये एक कागद असतो. बायोप्सीनंतर काही दिवसांनी तो हाती येतो. त्यावर 'ईआर', 'पीआर' आणि 'हर-टू' अशी तीन नावं एकाखाली एक छापलेली असतात आणि प्रत्येक नावासमोर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असं लिहिलेलं असतं. घरातलं शिकलेलं कुणीतरी त्याचा फोटो काढून नात्यातल्या डॉक्टरला पाठवतं, आणि उत्तर येईपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: तिन्ही निगेटिव्ह आलंय, म्हणजे चांगलंच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही. रक्त तपासा, थुंकी तपासा, निगेटिव्ह आलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. इथे मात्र तिन्ही ओळी निगेटिव्ह येण्याचा अर्थ असा की ज्या तीन ठिकाणी औषधानं नेमका घाव घालता येतो, त्यांपैकी एकही जागा या गाठीत नाही. या प्रकाराला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. तो झपाट्यानं वाढतो, तुलनेनं तरुण स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, आणि उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. पाच वर्षं निभावली की धोका बराच उतरतो, हेही त्याच्याच बाबतीत खरं आहे. जगभरात स्तनाच्या कर्करोगांपैकी १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. भारतातल्या अनेक अभ्यासांत हा वाटा पाव ते एक तृतीयांश इतका दिसला आहे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यानं दगावतात. हे आकडे शेजारी ठेवले, की आक्रमक कर्करोगांवरच्या संशोधनाची ओळख मराठीतून करून देणाऱ्या पुस्तकाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

अशा पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला एका गोष्टीवर भर द्यायचा आहे. प्रयोगशाळेतला शोध एकदा लागला की काम संपत नाही. तो प्रत्येक रुग्ण स्त्रीच्या गाठीच्या तुकड्यावर नव्यानं लावावा लागतो. पहिला शोध लॉस एंजेलिसला किंवा लंडनला लागतो, त्याला पुरस्कार मिळतात, तो वर्तमानपत्रात येतो. दुसरा शोध साताऱ्याच्या, लातूरच्या, मडगावच्या पॅथॉलॉजीच्या खोलीत लागायचा असतो. तो तिथे लागला नाही, तर पहिला त्या बाईपुरता लागलेलाच नसतो.

कागदावरच्या तीन ओळींना प्रत्येकीला इतिहास आहे. पहिल्या ओळीचा सगळ्यात जुना. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीची बीजकोषं काढून टाकली, तर गाठ ओसरू लागल्याचं प्रसिद्ध केलं. का ओसरते, ते सांगण्याचं साधन तेव्हा नव्हतं. पुढे शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या इस्ट्रोजेनचा माग काढत दाखवून दिलं, की ते धरून ठेवणारं एक प्रथिन काही पेशींत असतं. तोच ईआर, इस्ट्रोजेन रिसेप्टर. ज्या गाठीत तो आहे, तिची संप्रेरकाची रसद तोडता येते. टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी हे काम करते आणि असंख्य स्त्रिया तिच्या जोरावर वर्षानुवर्षं जगल्या आहेत.

दुसरी ओळ पीआरची, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरची; तीही संप्रेरकाचीच. तिसऱ्या ओळीची, हर-टूची हकिगत या पुस्तकाच्या विषयाच्या थेट गाभ्यातली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींमधून एक कर्करोगकारक जनुक सापडलं. कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीत अॅक्सेल अलरिख यांनी त्याचं माणसातलं रूप वेगळं केलं. तेच हर-टू. जनुक हातात होतं, पण ते माणसाच्या कोणत्या आजारात बिघडतं हे ठाऊक नव्हतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांच्यापाशी नेमकी उलट पुंजी होती: शस्त्रक्रियेतून निघालेल्या गाठींचे गोठवून ठेवलेले तुकडे, आणि त्या रुग्णांचं पुढे काय झालं याच्या नोंदी. दोघांनी आपापली पुंजी एकत्र केली. १९८७ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा निबंध आला. १८९ स्त्रियांच्या गाठी तपासल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच गाठींत या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी जास्त प्रती होत्या, आणि त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटला होता, त्या लवकर गेल्या होत्या.

इथवरची माहिती भविष्य सांगण्याइतकीच उपयोगी होती. भविष्याचं उपचारात रूपांतर करायला आणखी अकरा वर्षं लागली. हर-टूचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं, म्हणून बाहेरून त्याला पकडणारं प्रतिपिंड बनवता येईल, ही कल्पना होती. उंदराच्या पेशींपासून तसं प्रतिपिंड बनलंही. पण माणसाच्या शरीरात गेल्यावर ते परकं म्हणून ओळखलं गेलं असतं, म्हणून त्याचा पकडणारा भाग तेवढा राखून बाकीचा सांगाडा मानवी प्रतिपिंडाचा केला गेला. त्यातून ट्रास्टुझुमॅब तयार झालं आणि सप्टेंबर १९९८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजार शरीरभर पसरलेल्या स्त्रियांना त्यानं काही महिने जास्तीचे दिले. २००५ साली शस्त्रक्रियेनंतर लगेच ते देऊन पाहिल्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. एके काळी ज्या ओळीतलं 'पॉझिटिव्ह' वाचून डॉक्टरांचा चेहरा उतरत असे, तीच ओळ आता उपचाराची दिशा दाखवू लागली. २०१४ साली बंगळुरूच्या बायोकॉननं याच औषधाचं जैवसमरूप भारतात आणलं. किंमत उतरायला तिथून सुरुवात झाली, तरी ती अजून अनेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे.

आता दुसऱ्या शोधाकडे, म्हणजे पॅथॉलॉजीच्या खोलीकडे येऊ. गाठीचा तुकडा बाहेर आला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतली प्रथिनं विघटित होऊ लागतात. म्हणून तासाभरात तो पुरेशा फॉर्मलिनमध्ये पडायला हवा. मोठा नमुना असेल तर आधी त्याला काप द्यायला हवेत, नाहीतर फॉर्मलिन मधोमध पोचत नाही. किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास तो त्यात राहावा, असा दंडक आहे. मग त्याचा पाणी-अंश काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप यंत्रावर निघतात, कोमट पाण्यावर तरंगतात आणि टेक्निशियन त्यांना अलगद काचेच्या स्लाईडवर उचलून घेतो. त्यावर प्रतिपिंड सोडतात. जिथे ते चिकटतं तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी केंद्रकं निळी दिसतात. ईआरचा तपकिरी रंग केंद्रकात दिसतो, हर-टूचा पेशीच्या कडेला. दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद आणि अखंड कडं दिसलं, तर पॅथॉलॉजिस्ट 'तीन अधिक' लिहितो आणि हर-टू पॉझिटिव्ह ठरतं. कडं फिकट असेल तर 'दोन अधिक', म्हणजे अजून ठरलेलं नाही. मग 'फिश' तपासणी करायची. त्यात अंधाऱ्या खोलीत, खास सूक्ष्मदर्शकाखाली, प्रत्येक केंद्रकात हर-टूचे आणि सतराव्या गुणसूत्राचे वेगवेगळ्या रंगांत चमकणारे ठिपके मोजायचे. पहिल्याचं दुसऱ्याशी गुणोत्तर दोन किंवा जास्त असेल आणि हर-टूच्या प्रतीही पुरेशा असतील, तर जनुक वाढलेलं आहे.

हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. तुकडा उशिरा फॉर्मलिनमध्ये गेला, नुसत्या सलाईनमध्ये तालुक्याहून जिल्ह्याला पाठवला गेला, किंवा सुट्ट्या आल्या म्हणून आठवडाभर तसाच राहिला, तर असलेलं प्रथिनही दिसेनासं होतं. स्लाईडवर रंग उमटत नाही आणि कागदावर 'निगेटिव्ह' छापलं जातं. त्या एका शब्दानं एका बाईची टॅमॉक्सिफेनची गोळी जाते, दुसरीचं ट्रास्टुझुमॅब जातं, तिसरी ट्रिपल निगेटिव्ह नसतानाही तशी ठरते. असं श्रीमंत देशांतही घडलं आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९९७ ते २००५ या काळातल्या संप्रेरक रिसेप्टरच्या तपासण्या पुन्हा करून पाहिल्या, तेव्हा जवळपास चारशे रुग्णांचे अहवाल चुकीचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगानं २००९ साली दिलेल्या अहवालात प्रयोगशाळेच्या दर्जानियंत्रणातल्या त्रुटी एकामागून एक मांडल्या आहेत. तो वाचताना लक्षात येतं की तिथे कमतरता प्रतिभेची नव्हती. रोजच्या शिस्तीची होती.

तिन्ही ओळी खरोखरच निगेटिव्ह असतील, तेव्हा काय? संशोधनातला सगळ्यात अवघड आणि आज सगळ्यात गजबजलेला भाग तो. त्याचं एक मूळ आपल्या अगदी जवळ आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ लग्नानंतर कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधनाला लागल्या. कर्करोगाला कमी-अधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या जातींमधल्या स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास हा त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा विषय. १९४९ साली डॉक्टरेट मिळाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगपेशी शरीराबाहेर अखंड वाढवण्याचं तंत्र ज्यांनी साध्य केलं, तेच हे गाय. परतल्यावर रणदिव्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असावा, हे आरंभीच्या काळात मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत चालू आहे. मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. त्याच्या पायाभरणीत आपल्याच गावचा हात आहे.

आनुवंशिकतेचा तो धागा १९९० साली ठोस झाला. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांच्या पिढ्यांचा माग काढून, कमी वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ साली ते हाती लागलं. ते बीआरसीए-वन. पाठोपाठ बीआरसीए-टू सापडलं. ही दोन्ही जनुकं डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते नीट जोडण्याच्या कामातली. बीआरसीए-वन जन्मतःच बिघडलेलं असलेल्या स्त्रियांना होणारे कर्करोग मोठ्या प्रमाणात ट्रिपल निगेटिव्ह असतात.

आणि इथेच पेशीचं दुबळेपण उपचाराच्या कामी आलं. २००५ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक शेफील्डहून थॉमस हेलेडे यांच्या गटाचा, दुसरा लंडनहून अॅलन अॅशवर्थ यांच्या गटाचा. पेशीत डीएनए दुरुस्तीच्या अनेक वाटा असतात. बीआरसीए ही एक, पार्प नावाच्या विकराची दुसरी. दोन खांबांवरच्या छपराचा एक खांब आधीच पडलेला असेल, तर दुसरा काढताच छप्पर खाली येतं. दोन्ही खांब शाबूत असलेलं छप्पर मात्र एक काढला तरी तगतं. बीआरसीए बिघडलेल्या कर्करोगपेशींना पार्प रोखणारं औषध दिलं, तर त्या मरतात आणि निरोगी पेशी तगतात, हे दोन्ही गटांनी दाखवलं. या कल्पनेचं बीज फळमाश्यांवर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञांनी कितीतरी दशकं आधी पेरलं होतं. माश्यांचे पंख आणि डोळ्यांचे रंग न्याहाळत बसलेल्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं, की याचा उपयोग काय, तर त्यांच्यापाशी उत्तर नसतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑलिम्पिया चाचणीत, बीआरसीएचा जन्मजात बिघाड आणि आजार उलटण्याचा मोठा धोका असलेल्या रुग्णांना मूळ उपचारांनंतर वर्षभर ओलापॅरिब हे पार्प रोखणारं औषध दिलं. तीन वर्षांनंतर ८५.९ टक्के रुग्ण आक्रमक आजारापासून मुक्त होते. ज्यांना ते दिलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ७७.१ टक्के होतं.

दुरुस्तीतल्या याच दुबळेपणाशी जोडलेलं दुसरं काम मुंबईत टाटा मेमोरियलला झालं. डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटानं ट्रिपल निगेटिव्ह आजाराच्या ७२० स्त्रियांवर चाचणी घेतली. शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन मिळवायचं की नाही, एवढाच प्रश्न. कार्बोप्लॅटिन जुनं आणि स्वस्त औषध. ते डीएनएलाच इजा करतं. पन्नास वर्षांच्या आणि त्याहून लहान स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ६५.९ टक्क्यांवरून ७७.१ टक्क्यांवर गेलं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र असा फायदा दिसला नाही. नव्या रेणूइतकंच मोल जुन्या औषधाला विचारलेल्या नेमक्या प्रश्नाचं असतं, हे या चाचणीनं आपल्याच शहरात, आपल्याच रुग्णांवर सिद्ध केलं.

याशिवाय रोगप्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारं पेम्ब्रोलिझुमॅब आहे. शस्त्रक्रियेआधीच्या केमोबरोबर ते दिल्यावर ६४.८ टक्के ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या नमुन्यात जिवंत आक्रमक कर्करोग उरला नव्हता. नुसत्या केमोवर हेच प्रमाण ५१.२ टक्के होतं. प्रतिपिंडाला जहाल केमोचे रेणू जोडून ते थेट गाठीपर्यंत नेणारी औषधंही आली आहेत. त्यांतल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकाननं २०२२ साली पॅथॉलॉजीच्या खोलीपुढे नवंच आव्हान ठेवलं. 'एक अधिक' किंवा फिश निगेटिव्ह 'दोन अधिक', म्हणजे आजवर सरसकट निगेटिव्ह गणल्या जाणाऱ्या गाठींतही, आजार पसरलेल्या टप्प्यात, त्याचा उपयोग होतो असं दिसलं. म्हणजे 'शून्य' आणि 'एक अधिक' यांतला जो पुसट फरक कालपर्यंत कुणी बारकाईनं पाहत नव्हतं, त्यावर आता उपचार ठरतो. औषध जितकं नेमकं होत जातं, तितकी स्लाईड नीट असण्याची निकड वाढते.

उरला प्रश्न आजार लवकर ओळखण्याचा. आक्रमक गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच वाढून बसते. तरुण स्त्रीच्या दाट स्तनात मॅमोग्राफीला ती नीट दिसतही नाही. म्हणून रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएचे कण शोधण्यावर मोठी भिस्त आहे. लंडनच्या निकोलस टर्नर यांच्या गटानं २०१५ साली दाखवलं, की हे कण आजार उलटल्याची खूण स्कॅनच्या काही महिने आधी देऊ शकतात. मग ब्रिटनमध्ये ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर एक चाचणी झाली: रक्तात कण दिसताच उपचार सुरू करायचे. उपचाराच्या गटात ज्या ३२ रुग्णांच्या रक्तात कण सापडले, त्यांच्यापैकी २३ जणींचा आजार त्याच वेळी केलेल्या स्कॅनमध्ये आधीच पसरलेला निघाला. खूण मिळाली, पण उशिरा. या निष्कर्षाला अपयश म्हणू नये. तपासणी किती संवेदनशील हवी आणि किती वेळा करायला हवी, हे त्यातूनच कळलं आणि पुढच्या चाचण्या त्यावर बेतल्या जात आहेत.

आणि यंत्राविना जे होऊ शकतं, तेही विसरू नये. मुंबईत डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी दीड लाखांहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेल्या स्तनतपासणीनं आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत त्यानं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू घटलेले दिसले नाहीत. ट्रिपल निगेटिव्ह आजार नेमका याच वयात जास्त दिसतो. म्हणून त्यांच्यासाठी प्रयोगशाळेकडूनच नवं साधन यायला हवं.

हे पुस्तक तीन वाचकांच्या हाती पडावं, असं मला वाटतं. पहिली ती स्त्री, जिच्या फाईलमध्ये तो कागद आहे, आणि तिचं घर. त्यांनी हे वाचून औषध ठरवायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. पण आपला नमुना किती वेळानं फॉर्मलिनमध्ये गेला, 'दोन अधिक' आल्यावर फिश झाली का, ट्रिपल निगेटिव्ह आहे तर बीआरसीए तपासणी करायची का, शंका असेल तर ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल का, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ब्लॉक रुग्णाचा असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसरा वाचक विज्ञानशाखेतला विद्यार्थी. त्यानं रणदिव्यांच्या वाटेनं जावं आणि ट्रिपल निगेटिव्ह आपल्याकडे इतकं जास्त का, या प्रश्नाला भिडावं. त्याचं उत्तर दुसरा कुठला देश आपल्यासाठी शोधून देणार नाही. तिसरा वाचक म्हणजे रुग्णालयांचे विश्वस्त, जिल्हा परिषदेचे सदस्य, ज्यांच्या सहीनं पैसा खर्च होतो. नव्या स्कॅनरचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. फॉर्मलिनच्या बरण्या, तयार झालेला टेक्निशियन आणि बाहेरच्या संस्थेकडून वर्षातून दोनदा होणारी दर्जातपासणी यांचं उद्घाटन होत नाही. तरीही पुढच्या पाच वर्षांत सर्वांत जास्त जीव वाचवणारा खर्च कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.